पदवीदानाच्या दिवसाची फुलं: कोणती घ्यावीत, कशी गुंफावीत, कशी टिकवावीत

पदवीदानाच्या दिवशी सभागृहाबाहेर मिळणारे बहुतेक बुके एकाच साच्यातले असतात. चकचकीत प्लास्टिकमध्ये सहा-आठ जरबेरा, मध्ये जिप्सी, मागे पामचं एक पान. सकाळी दहाला घेतलेला हा बुके दुपारी दोनपर्यंत कुणाच्या तरी मांडीवर तापत राहतो, आणि फोटो काढायची वेळ येते तोवर जरबेरांनी माना टाकलेल्या असतात. त्याच पैशांत आणि आदल्या संध्याकाळच्या दोन तासांच्या कामात याहून कितीतरी चांगलं काही करता येतं. माझ्या मते या दिवसाला मोठा बुके लागतच नाही. अंगावर घालता येतील, दिवसभर टिकतील आणि पदवी घेणाऱ्याच्या आवडीची असतील अशी थोडी फुलं लागतात. आणि ती एकट्या त्याच्यासाठी किंवा तिच्यासाठी नकोत. ज्यांनी डबे भरले, फी भरली, रात्री दिवा चालू राहिला म्हणून कुरकुर केली नाही, त्यांच्याही हातात आणि केसांत फुलं असायला हवीत.

आधी महिना बघा

आपल्याकडच्या बऱ्याच विद्यापीठांचे पदवीप्रदान समारंभ डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान होतात. मुंबईच्या आयआयटीचा समारंभ ऑगस्टमध्ये, ऐन पावसात असतो. कोणती फुलं चांगली आणि परवडणारी मिळतील, हे महिन्यावर ठरतं.

डिसेंबर-जानेवारीत शेवंती, ॲस्टर, झेंडू आणि ग्लॅडिओलस भरपूर असतात आणि त्यांचा दर्जाही उत्तम असतो. थंडीत मोगरा मात्र कमी होतो आणि भाव चढतो. गजरा हवा असेल तर कागडा किंवा कुंद घ्या. कागड्याला वास जवळपास नाही, पण तो पांढराशुभ्र राहतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. वास हवाच असेल तर निशिगंधाची चार-पाच फुलं त्याच्यात गुंफा. डिसेंबरात आणखी एक लक्षात ठेवा. मार्गशीर्षातल्या गुरुवारांमुळे बुधवारी फुलांचे भाव एकदम वर जातात. समारंभ गुरुवारी असेल तर फुलं मंगळवारीच आणून ठेवलेली बरी.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लांब दांडीच्या गुलाबांचा नाद सोडा. तळेगाव-मावळ भागातल्या पॉलिहाऊसमधला गुलाब 14 फेब्रुवारीचा हिशेब धरूनच काढलेला असतो, आणि त्या दिवसांत साध्या गड्डीचाही भाव परवडत नाही. त्याऐवजी कार्नेशन घ्या. मार्चपासून मोगरा भरात येतो. कोकणात आणि गोव्यात साधारण फेब्रुवारी ते एप्रिल सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, मिळतात. ते मिळत असतील तर दुसरं काही शोधूच नका. वाळल्यावरही वास देणारी फुलं फार थोडी, सुरंगी आणि बकुळ त्यांतली.

ऑगस्टमध्ये सोनचाफा आणि जाई-जुई असतात. या दिवसांत पावसात भिजलेली फुलं लवकर सडतात, म्हणून सुटा झेंडू आणि शेवंती घेताना पाटीत हात घालून तळाची फुलं बघा. वरची कोरडी आणि खालची चिकट असतील तर पुढच्या गाळ्यावर जा.

मग माणूस आणि कपडे

ज्याची पदवी आहे त्यालाच विचारा. आश्चर्याचा धक्का देण्याच्या नादात दमा असलेल्या मुलीच्या गळ्यात निशिगंधाचा हार पडतो आणि ती बंद गाडीत तासभर खोकत बसते. तीन गोष्टी विचारल्या की पुरे. कोणत्या वासाचा त्रास होतो का, गळ्यात हार चालेल की नुसतं मनगटाला बांधलेलं बरं वाटेल, आणि अंगावर काय असणार आहे.

तिसरा प्रश्न फोटोंसाठी महत्त्वाचा. काळ्या गाऊनवर गडद लाल गुलाब मोबाईलच्या फोटोत दिसतच नाही, काळ्यात काळा मिसळतो. तिथे पांढरी किंवा पिवळी शेवंती, फिकट गुलाबी कार्नेशन, पांढरं ऑर्किड उठून दिसतं. गाऊनऐवजी पांढरा कुडता किंवा साडी आणि वर केशरी-पिवळं उपरणं असेल तर झेंडू त्यात हरवतो. अशा वेळी जांभळा ॲस्टर किंवा राणी रंगाचा गुलाब घ्या.

गाऊन बहुतेक वेळा भाड्याचा असतो, अनामत भरलेली असते. झेंडूची ओली पाकळी घासली गेली तर डाग पडतो. लिलीचे परागकण तर कपड्यावरून सहजासहजी निघत नाहीत. लिली घेतलीच तर फूल उमलताच आतल्या केसरांची तपकिरी टोकं चिमटीने काढून टाका. पराग सांडलेच तर पाणी लावू नका आणि चोळू नका, चिकटपट्टी हलकेच दाबून उचला. घरात मांजर असेल तर लिली आणूच नका. तिचं पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या जिवावर बेततं.

यादी

पाच-सहा जणांच्या घरासाठी मी अशी यादी करीन: पदवीधराला एक हार, घरातल्या बायकांना गजरे, मनगटासाठी एक-दोन छोटे गजरे, शिक्षकांसाठी तीन-चार सुटी फुलं, हातात धरायला एक लहान गुच्छ, आणि घरच्या दारासाठी तोरण. रांगोळी वेळ असेल तर.

हिशेबाला सोपं म्हणून सांगायचं, तर छातीपर्यंत येणाऱ्या एका हाराला अर्धा किलो शेवंती पुरून थोडी उरते. गजऱ्यांसाठी पाव किलो कळ्या भरपूर होतात. मीटरभर व्यासाच्या फुलांच्या रांगोळीला साधारण दोन किलो सुटी फुलं लागतात. गुलाबाची गड्डी वीस दांड्यांची आणि जरबेराची दहाची असते, म्हणजे गुच्छासाठी एकेक गड्डी आणली तरी शिक्षकांना द्यायला गुलाब उरतातच.

बाजार

मुंबईत दादरला स्टेशनच्या पश्चिमेला मीनाताई ठाकरे फूलमंडई आहे. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात फुलांचा घाऊक बाजार आहे. दोन्ही ठिकाणी पहाटेच व्यवहार सुरू होतो, आणि नऊ-दहानंतर उरतं ते निवडून झालेलं. समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी सहाच्या सुमाराला जा. त्याच दिवशी पहाटे जाऊन आणायचं ठरवलं तर फुलांना पाणी पिऊ द्यायला वेळच राहत नाही, आणि घरच्यांची झोपही जाते.

जाताना एक बादली आणि दोन जुने सुती पंचे न्या. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणलेली सुटी फुलं तासाभरात आतून तापतात, आणि पाकळ्यांच्या कडा काळ्या पडायला तिथूनच सुरुवात होते.

फूल पारखायचं कसं, ते इथे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

गुलाबाची कळी पाकळ्यांच्या बुडाशी, देठाच्या अगदी वर, दोन बोटांनी हलकेच दाबा. घट्ट लागली तर ताजी. मऊ, पोकळ लागली तर ती तीन-चार दिवस शीतगृहात राहून आली आहे. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुरकुतलेल्या किंवा हिरवट डागाच्या असल्या तर घाबरू नका. त्या आतल्यांना सांभाळणाऱ्या पाकळ्या असतात, घरी आल्यावर काढून टाकायच्या.

शेवंती आणि झेंडू उलटे करून बघा. मागचा हिरवा भाग हिरवाच आणि घट्ट असला पाहिजे. तिथे तपकिरी, बुळबुळीत लागलं की वरून कितीही टवटवीत दिसो, संध्याकाळी पाकळ्या गळणार.

निशिगंधाच्या दांडीवर खालची दोन-तीन फुलं उमललेली आणि बाकी कळ्या असाव्यात. सगळी उमललेली दांडी बाजारात सुंदर दिसते, पण दुसऱ्या दिवशी तिच्यात काही उरत नाही. ऑर्किडची काडी हातात धरून अगदी हलकेच झटका. फूल गळलं तर ठेवून द्या. मोगरा कळीच घ्यायचा, घट्ट आणि हिरवट पांढरा. गुलाबी झाक आलेली कळी उमलत नाही, सुकते. सोनचाफ्याला पाकळीवर बोट लावू नका, जिथे बोट लागतं तिथे तपकिरी होतो. म्हणूनच फुलवाल्या तो पाण्यात ठेवतात. देठाला धरूनच उचला.

कापडी-प्लास्टिकचे गजरे आणि हार हल्ली प्रत्येक रस्त्यावर मिळतात. ते घेऊ नका. ताज्या फुलामागे पहाटे तीनला बॅटरी घेऊन तोडणी करणारं शेतकऱ्याचं घर असतं, आणि त्या घरातलंही कुणीतरी आज-उद्या पदवी घेणार असतं. पुण्याच्या विद्यापीठाला 2014 मध्ये ज्यांचं नाव दिलं गेलं, त्या सावित्रीबाईंच्या सासरची मंडळीही पेशव्यांना फुलं पुरवणारी. मूळ आडनाव गोऱ्हे, फुलांच्या व्यवसायावरून फुले झालं. त्या घरातून शिक्षणाची केवढी वाट निघाली, हे आठवून पदवीदानाला खरी फुलं घेऊन जावीत असं मला मनापासून वाटतं.

घरी आणल्यावर

दांडीची फुलं आणल्याबरोबर पाण्यात टाकायची नाहीत. आधी खालची पानं काढा. पाण्याखाली एकही पान राहता कामा नये, पान कुजतं आणि पाणी नासतं. मग धारदार सुरीने देठ दोन-तीन सेंटिमीटर तिरका कापा. बोथट कात्रीने देठ चेपला जातो आणि पाणी वर चढत नाही. गुलाबाचा देठ पाण्यात बुडवूनच कापला तर कापल्या जागी हवा अडकत नाही. नंतर खोल बादलीत चार-पाच तास, अंधाऱ्या आणि थंड जागी, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर ठेवा.

जरबेरा याला अपवाद. त्याचा देठ मऊ आणि लवदार, खोल पाण्यात तो सडतो. पाच-सात सेंटिमीटर पाणी पुरे. मान वाकू नये म्हणून देठावरून कागदी स्ट्रॉ सरकवून फुलाच्या अगदी खालपर्यंत न्या.

पाण्यात काय घालावं याबद्दल घरोघर वेगळं ऐकायला मिळतं. ॲस्पिरिनने फारसा फरक पडत नाही. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा साखर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि अर्धा लहान चमचा साधं ब्लीच, एवढं पुरतं. साखर फुलाचं अन्न, लिंबामुळे पाणी देठात सहज चढतं, आणि ब्लीच जंतू वाढू देत नाही. नुसती साखर मात्र घालू नका, जंतूंनाच खाऊ मिळतं.

गजऱ्याच्या कळ्या ओल्या करून पिळलेल्या मलमलच्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या खालच्या भागात ठेवा. फडकं दमट हवं, पाणी ठिबकणारं नको. त्याच फ्रिजमध्ये पिकलेली केळी, आंबे, सफरचंदं नकोत. त्यांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने फुलं अकाली म्हातारी होतात, कार्नेशन तर रातोरात मिटतं. ऑर्किड आणि अँथुरियम उष्ण प्रदेशातली फुलं, त्यांना फ्रिजची थंडी सोसत नाही. ती बाहेरच राहू द्या.

गजरा

गजरा बांधणं शिकायला एक संध्याकाळ पुरते. पांढरा सुती दोरा घ्या, आणि मिळत असेल तर केळीचं सोपट, म्हणजे खोडाची वाळलेली साल. सोपट भिजवून उभं फाडलं की मऊ दोरा होतो, आणि त्याच्या ओलाव्याने फुलं जास्त वेळ ताजी राहतात. लांबी हव्या त्या गजऱ्याच्या चौपट धरा.

दोऱ्याचं एक टोक खुर्चीच्या पायाला बांधून दोरा ताणून धरा. दोन कळ्या अशा ठेवा की तोंडं डावीकडे आणि देठ दोऱ्यावर. त्यांच्या देठांवर आणखी दोन कळ्या, तोंडं उजवीकडे. आता चारही देठ एकावर एक आले. डाव्या हाताच्या अंगठ्याने ते दाबून धरा. उजव्या हाताने दोऱ्याचे दोन वेढे देठांभोवती द्या. मग दोरा तर्जनीवर घेऊन एक फास करा, तो देठांवरून घाला आणि ओढा. ओढताना कळीचा देठ तुटेल इतकं जोरात नको आणि कळी हलेल इतकं सैलही नको. हा अंदाज आठ-दहा गाठींनंतर बोटांना आपोआप येतो. पुढच्या चार कळ्या आधीच्यांना चिकटून, मध्ये फट न ठेवता. वीतभर गजऱ्याला असे वीसेक फेर लागतात, आणि मनगटासाठीही तेवढाच पुरतो.

गजरा कळ्यांचाच बांधायचा. संध्याकाळी बांधून डब्यात ठेवला की सकाळी कळ्या फुगलेल्या असतात, आणि समारंभात केसांच्या उबेने उमलतात. वर्षभर पाठीमागच्या बाकांवर वास पसरला नसेल इतका त्या दिवशी पसरतो.

गोव्याकडच्या वाचकांना अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, सांगायला नकोत. अबोलीला वास नाही, पण तिचा केशरी रंग काळ्या गाऊनवर आणि काळ्या केसांत जसा दिसतो तसा दुसऱ्या कुठल्या फुलाचा दिसत नाही, आणि सुकायची ती घाईही करत नाही. ताळगावच्या पठारावर विद्यापीठात समारंभ असेल तर घरून येतानाच फात बांधून आणा.

मुलांना फुलं काय द्यायची, असा प्रश्न हमखास येतो. शर्टाच्या किंवा कुडत्याच्या खिशात एक सोनचाफा. तो नसेल तर कोटाला एक कार्नेशन: देठ चार सेंटिमीटर ठेवून कापा, टोकाला ओल्या कापसाचा लहानसा बोळा, वर देठ गुंडाळायची हिरवी फुलपट्टी, आणि आतल्या बाजूने पिन.

हार

लग्नातला जाडजूड हार इथे नको. गाऊनचा पट्टा आणि टोपी सांभाळत फोटोंसाठी उभं राहायचं असतं. छातीपर्यंत येणारा, हलका हार करा. हाराची लांब सुई, दुहेरी जाड दोरा, एकूण लांबी दीड मीटरच्या आत. मानेमागे येणारा वीतभर भाग फुलांशिवाय ठेवा आणि त्यावर सुती फीत गुंडाळा, म्हणजे मान खाजत नाही आणि घामाने पाकळ्या चिकटत नाहीत. शेवंती मागच्या बाजूने, बरोबर मध्यातून ओवा. सुई तिरकी गेली की फूल एका अंगाला कलतं आणि सगळा हार पिळतो. दहा पांढऱ्या फुलांनंतर एक जांभळा ॲस्टर, इतकीच रचना पुरते. खाली निशिगंधाच्या कळ्यांचा छोटा गोंडा असला की हार सरळ लोंबतो. झाल्यावर टांगून ठेवा, घडी घालू नका.

हातातला गुच्छ

पाच गुलाब किंवा कार्नेशन, थोडा ॲस्टर, कामिनीच्या चार-पाच डहाळ्या. याहून मोठा केला तर फोटोत पदवीचं प्रमाणपत्र त्याच्यामागे झाकलं जातं. मधलं फूल डाव्या हातात सरळ धरा. पुढचं प्रत्येक फूल त्यावर तिरकं ठेवायचं, नेहमी एकाच दिशेला तिरकं, आणि दर वेळी गुच्छ थोडा फिरवायचा. असं केलं की देठ खाली पिळासारखे पसरतात आणि वर फुलं एकमेकांना दाबत नाहीत. जिथे देठ एकमेकांना छेदतात तिथे सुतळीने घट्ट बांधा. देठांची टोकं एका पातळीत कापा, ओला कापूस, त्यावर फॉइल, त्यावर जुन्या साडीची किंवा खणाची पट्टी.

समारंभाला जाताना

निमंत्रणावरच्या सूचना आधी वाचा. बऱ्याच ठिकाणी सभागृहात पिशव्या आणि बुके नेऊ देत नाहीत. गजरा आणि खिशातलं फूल अंगावरच असल्यामुळे त्याची अडचण येत नाही. बाकीची फुलं बाहेर थांबणाऱ्या कुणाकडे तरी द्या. उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीत मात्र ठेवू नका. तासाभरात तिथे भट्टी होते आणि हार शिजतो. थर्माकोलची पेटी, तळाशी पंच्यात गुंडाळलेली बर्फाची पिशवी, वर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर हार अशी मांडणी केली की फुलं चार-पाच तास सहज राहतात. फुलं बर्फाला थेट टेकू देऊ नका.

हार समारंभ संपल्यावर, बाहेर, सावलीत घाला. कोणी घालायचा हे पदवीधराने ठरवावं. वडील, मोठी बहीण, हॉस्टेलवर दोन वर्षं खोली वाटून घेतलेला मित्र, कुणीही.

शिक्षकांना गुच्छ देऊ नका, त्यांच्याकडे त्या दिवशी गुच्छांचा ढीग होतो आणि तो खोलीतच राहून जातो. एक चांगला गुलाब किंवा दोन सोनचाफे, आणि देठाला बांधलेल्या चिठ्ठीवर त्यांनी शिकवलेलं एखादं नेमकं काही. ग्रंथपाल, प्रयोगशाळेतले मामा, मेसच्या मावशी यांनाही. त्यांच्या हातात फूल देणारे फार थोडे असतात.

आजीचा गजरा

यावर थोडं थांबायला हवं. गजरे वाटताना एक क्षण येतो, सगळ्यांचे हात पुढे होतात आणि विधवा आजी किंवा आत्या मागे सरकते. कुणी काही बोलत नाही आणि डबा पुढे जातो. नातीच्या पदवीच्या दिवशी तरी हे घडू देऊ नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांवरच्या अशा प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. घरात ठराव लागत नाही. पण भर गर्दीत आग्रह करून आजीला संकोचात टाकू नका. आदल्या रात्री, ती एकटी असताना, नातीनेच विचारावं, "आजी, तुझ्यासाठीपण बांधलाय गं, केसांत माळशील की हातात?" ती नको म्हणाली तर वाद घालायचा नाही, गजरा तिच्या उशाशी ठेवायचा. हो म्हणाली तर सकाळी पहिला गजरा तिचा.

घरी परतल्यावर

दाराला झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण आदल्या रात्रीच बांधून ठेवता येतं, ते टिकतं. रांगोळी मात्र निघण्यापूर्वी आखून ठेवा आणि फुलं परतल्यावर भरा. खडूने वर्तुळ काढा, बाहेरून आत भरत या. बाहेर झेंडूच्या सोडवलेल्या पाकळ्या, मग शेवंती, मध्यभागी अख्खे गुलाब किंवा समई. फरशी गुळगुळीत असेल तर आधी हलका पाण्याचा हात फिरवा, म्हणजे पाकळ्या पंख्याने उडत नाहीत. मुलांना पाकळ्या सोडवायला बसवलं की हे काम अर्ध्या तासात होतं. औक्षणाच्या ताटात कुंकू, अक्षता, सुपारी आणि निरांजन यांच्यासोबत चार सुटी फुलं. हारातलं एखादं फूल देवापुढे ठेवून मग बाकीचं.

परदेशातली पदवी

अमेरिकेत मुलाचं किंवा मुलीचं ग्रॅज्युएशन मे-जूनमध्ये असतं, आणि इथून जाणारे आईवडील विचारतात, गजरा घेऊन जाऊ का? नेऊ नका. तिथे उतरल्यावर ताजी फुलं जाहीर करावी लागतात, तपासणी होते, आणि कीड दिसली तर फुलं काढून घेतात. तिथेच जाऊन करा. हवाई बेटांवर पदवीधराच्या गळ्यात फुलांची माळ, लेई, घालण्याची जुनी रीत आहे, आणि ती कॅलिफोर्नियासकट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरही चांगलीच रुळली आहे. आपल्या हाताला ती परकी नाही. डेंड्रोबियम ऑर्किडची साधारण पन्नास फुलं, लांब सुई आणि जाड दोरा घ्या, फुलाच्या मध्यातून सुई घालून देठातून बाहेर काढा, मीटरभर माळ झाली की गाठ मारा. हवाईत चाफ्याचीही लेई करतात, आपल्या देवळापुढे असतो तोच पांढरा-पिवळा चाफा.

तिथल्या रिती मात्र पाळा. लेई हारासारखी पुढे लोंबत ठेवायची नसते, खांद्यांवर टेकवून पुढेमागे सारखी सोडायची असते. दिलेली लेई नाकारायची नाही, आणि देणाऱ्यासमोर काढून ठेवायची नाही. सुकल्यावर कचऱ्यात न टाकता दोरा काढून फुलं मातीला द्यायची. आपल्याकडे निर्माल्याचं करतात तसंच.

दुसऱ्या दिवशी

गुच्छातला एक गुलाब आणि हारातली दोन-तीन फुलं आठवणीसाठी ठेवायची तर त्याच रात्री कामाला लागा. कोमेजल्यावर वाळवलेलं फूल तपकिरीच दिसतं. गुलाब उलटा टांगा, अंधाऱ्या आणि हवेशीर कपाटात, दोन आठवडे. ॲस्टर आणि शेवंतीच्या पाकळ्या वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून जाड पुस्तकांखाली दाबा, पहिले तीन दिवस रोज कागद बदला, मग दोन-तीन आठवडे हात लावू नका.

रांगोळीतला आणि तोरणातला झेंडू फेकून देण्याआधी त्यातून उपरण्याला रंग काढता येतो. शंभर ग्रॅम वजनाचं सुती किंवा रेशमी कापड साध्या साबणाने धुऊन घ्या. पंधरा ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात ते तासभर भिजवा. दुसऱ्या पातेल्यात दोनशे ग्रॅम झेंडूच्या पाकळ्या पाऊण तास उकळून गाळा. पातेलं स्टीलचंच घ्या, लोखंडाच्या कढईत रंग शेवाळी होतो. गाळलेल्या पाण्यात कापड घालून मंद आंचेवर अर्धा तास ठेवा, मध्ये मध्ये हलवा, आणि रात्रभर त्याच पाण्यात राहू द्या. सकाळी थंड पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. रेशमावर सोनेरी पिवळा येतो, सुतीवर थोडा फिका. पहिल्या दोन धुण्यांत थोडा रंग जातो, तेव्हा इतर कपड्यांपासून वेगळं धुवा.